पोरीनं सांगितलं होतं

आत्या गेल्याचा फोन आईनं तलवाड्याहून सकाळी केला. पपांनी फोन खिशात ठेवला आणि घरभर चपला शोधत राहिले. चपला पायातच होत्या. "अक्का गेली," एवढंच म्हणाले. मी चहा गाळत होते. माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. आता हे कुणालाच कळणार नाही, हे आलं... ते काय, हे लिहायला मला सहा आठवडे लागले.

आत्या म्हणजे पपांची थोरली बहीण. तलवाड्यात तिचं फॉल-पिकोचं छोटं दुकान होतं. उमापूर, चकलांब्याहून बायका साड्या घेऊन यायच्या, कारण आत्याचा दोरा साडीत दिसायचा नाही. ती दोरा कधी दुकानातल्या ट्यूबखाली निवडत नसे. साडीचा काठ आणि तीन-चार रिळं घेऊन दाराबाहेर उन्हात जायची. कुणी घाई केली तर म्हणायची, "अंदाजानं सांगायचं काम आपल्याकडं न्हाई. उजेडात बघू." मी गेवराईत इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत तिच्या दुकानात पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायचे. ही बोलत नाही का, असं गिऱ्हाइकं विचारायची. आत्या म्हणायची, "बोलती की, पण इंग्रजीत. तुमाला कशाला बोलंल?" बायका हसायच्या. मला लपावंसं वाटायचं आणि आतून बरंही वाटायचं.

एकदा एका बाईनं साडी परत आणली. मरून रंगाच्या साडीला तपकिरी दोरा लागला होता. आत्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पडदा आल्यासारखं वाटतं, हे तिनं तेव्हा सांगितलं. मोतीबिंदू असेल, म्हणून आम्ही तिला गेवराईच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब टाकून बराच वेळ आत पाहिलं आणि संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं डोळ्याचीही सोनोग्राफी असते, हे मला पहिल्यांदा कळलं. आत मागच्या पडद्यापाशी गाठ होती. अंगावरच्या तिळाला काळा रंग देणारं द्रव्य डोळ्यातही असतं आणि हा कॅन्सर ते बनवणाऱ्या पेशींतून होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्या म्हणाली, "जलमभर रंग जुळवले, आन् रंगानंच घात केला." गाठ मोठी होती. डोळा काढावा लागला.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टर पपांना मराठीत समजावत होते, सावकाश, कुणालाही कळेल असं. पपांनी मधेच मला पुढं केलं. "सर, हिला सांगा. इंग्लिश मीडियमला हाय." डॉक्टर हसले आणि इंग्रजीत सुरू झाले. मला 'लिव्हर' कळलं, 'सहा महिने' कळलं. डोळ्याच्या आजाराचा लिव्हरशी काय संबंध, ते कळलं नाही. काही विचारायचंय का, असं त्यांनी शेवटी विचारलं. पपा माझ्याकडे पाहत होते, आमच्या घराण्यात असं पहिल्यांदाच घडतंय, अशा नजरेनं.

"नो, सर," मी म्हणाले.

घरी पपांनी सगळ्यांसमोर दवाखान्याचं कार्ड माझ्या हातात दिलं. दर सहा महिन्यांनी लिव्हरची तपासणी, अशी ओळ त्यात इंग्रजीत स्पष्ट होती. मी म्हणाले, डोळा काढला, आजार गेला, बाकी सगळ्यांना लिहितात तेच लिहिलंय. मोबाइलवर पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पाहिलं नाही. कारण मग मला काही समजलं नव्हतं, हे पपांना सांगावं लागलं असतं.

नवा डोळा बसवून आल्यावर आत्या आरशात बघून म्हणाली, "म्याचिंग बरं केलंय." त्यानंतर कुणी तिला दाखवायला नेलंच नाही. आजार गेला होता ना.

सव्वादोन वर्षांनी तिला जेवण जाईना आणि उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं. बीडच्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली. लिव्हर गाठींनी भरलं होतं. डोळा काढला तरी या आजाराच्या पेशी कधी कधी आधीच रक्तातून निघालेल्या असतात, आणि पुष्कळदा काही वर्षांनंतर लिव्हरमध्ये सापडतात, असं त्यांनी सांगितलं. लवकर कळलं असतं तर, असं पपांनी विचारलं. नक्की सांगता येत नाही, कदाचित थोडे दिवस मिळाले असते, ते म्हणाले. मग कार्ड उलटून त्यांनी विचारलं, की तपासणी करायला कुणी सांगितलं नव्हतं का?

मी जमिनीकडे पाहत होते. आत्या बोलली.

"सांगितलं होतं. पोरीनं सांगितलं होतं. म्याच गेले न्हाई."

मी वर पाहिलं. तिची नजर माझ्याकडे वळली होती, नवा डोळा जरा मागं राहिला होता. तिला कधी कळलं होतं, कुणास ठाऊक. बहुतेक मी कार्ड वाचलं त्याच दिवशी. माझा आवाज तिला शब्दांपेक्षा चांगला वाचता यायचा. नंतर दुकानात दोघीच असताना मी म्हणाले, "आत्या, मी तेव्हा..." तिनं सुई पुढं केली. एका डोळ्यानं तिला अंतराचा अंदाज येत नसे. "गप. एवढी ओवून दे."

ती गेल्यावर दहा दिवस माणसं येत होती. पपा प्रत्येकाला सांगत होते, "पोरीनं सांगितलं होतं, पण अक्कानं ऐकलं न्हाई." माणसं माना हलवायची. लई हट्टी बाई, म्हणायची. मी सगळ्यांना चहा दिला... एकदाही तोंड उघडलं नाही. माझी आत्या हट्टी नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात दुकान आवरायला गेले. चकलांब्याच्या एका बाईची साडी मशीनवर अर्धी राहिली होती, सुईत दोरा तसाच होता. रीळ संपत आलं होतं, म्हणून मी डब्यातून दुसरं काढलं. ट्यूबखाली दोन्ही दोरे अगदी एकच वाटले. मशीनला लावणारच होते, पण साडी उचलली आणि दाराबाहेर उन्हात गेले. ते एक नव्हते.

हे ज्या पेपरच्या पुरवणीत छापून येईल, ती पपा रविवारी पहिल्या पानापासून वाचतात. त्यांना तोंडानं सांगायला मला जमलं नाही.