भोंग्याचं श्रुतलेखन

दशरथभाऊ भोंग्याचा आवाज नेहमी पाठमोरे उभे राहून ऐकायचे. मोटरसायकलवर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बसवून झाले, की ती गाडी चालूच ठेवून रस्त्याच्या वळणाजवळ उभी करायचे, फेरीवाल्याची आरोळी लावायचे आणि शंभर पावलं चालत येऊन आमच्या फाटकासमोर भोंग्याकडे पाठ करून उभे राहायचे. नवीन गिऱ्हाईक हसायचं. भाऊ त्याला शांतपणे सांगायचे, “बाई भाकरी टाकून राह्यली असते. तिचं तोंड काय रस्त्याकडे असते? तिच्या पाठीले ऐकू आलं पायजे.”

रेवा, ईशान, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तुम्ही दोघं शेवटचे महागावला आलात तेव्हा आपल्या घरासमोर नुसतं गवत होतं. त्यानंतर तुमचे आजोबा गेले, आणि त्याच वर्षी समोर पत्र्याची शेड उभी राहिली. पुढे दुकान, मागे एक खोली. त्या खोलीत भाऊ एकटेच राहायचे. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन अमरावतीला. आपल्याकडे लसूण, चादरी, स्टीलची भांडी विकणारे लोक मोटरसायकलवर पार फुलसावंगीपर्यंत गावोगाव फिरतात. ओरडून घसा बसू नये म्हणून आपली आरोळी एकदाच रेकॉर्ड करतात आणि दिवसभर भोंग्यावर वाजवतात. त्या भोंग्यांचं काम भाऊंकडे असायचं.

मी पहिल्यांदा रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेले ती भांडायलाच. ऐन दुपारी अर्धा तास भोंगा चालू होता. मी म्हटलं, “हे आधी बंद करा.”

त्यांनी लगेच बंद केला आणि विचारलं, “मॅडम, पण ते काय म्हणून राह्यलं होतं, ते समजलं का?”

“एक शब्दही नाही.”

त्यांचा चेहरा पडला. “मंग त गडबड हाय. एवढं बोंबलून समजलं नाई म्हंजे उपेग काय?”

मी घरी आले. पंधरा मिनिटांनी आरोळी पुन्हा सुरू झाली, आवाज आता निम्मा होता. शिक्षकी सवयीने मी हाताशी असलेल्या कागदावर ऐकू येईल ते उतरवलं आणि फाटकाशी आलेल्या भाऊंच्या हातात दिलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “पास.” दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी आली तेव्हा रस्त्यापलीकडून हाक आली, “मॅडम, वही घ्या!”

पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवताना मी हजारो मुलांना डिक्टेशन घातलं होतं. आता व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून मी स्वतः ते घेऊ लागले. माझ्या दुपारला एक वेळापत्रक आलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याची फार गरज होती.

त्यांचं काम पाहण्यासारखं होतं. ॲम्प्लिफायरवर गेन नावाचं एक लहानसं बटण असतं. ते जास्त पुढे नेलं की आवाज मोठा होतो, पण फाटतो. भाऊ ते मागे घ्यायचे आणि गिऱ्हाइकाने पुन्हा पिळू नये म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. अर्थिंगची वायर जोडण्याआधी गाडीच्या सांगाड्यावरचा रंग नखाएवढ्या जागेत खरवडून काढायचे, नाहीतर ॲक्सिलरेटर पिळला की भोंग्यातून किर्र आवाज येतो. बंद गाडीवर ते कधीच आवाज जुळवत नसत. “बंद गाडी बंगल्यासारखी चूप असते,” म्हणायचे. “तिच्यावर कोणीबी बोलन. चालू इंजिनवर बोलून दाखवा.” कधी कॉलेजची मुलं यायची, छाती हलेल असं काहीतरी लावून द्या म्हणायची. भाऊ मान वर न करता सांगायचे, “छाती हालवाची असन त टेकडीवर पळत जाय बाप्पा. इथं फक्त कानाचं काम होते.”

त्या कानांचं मला गेल्या हिवाळ्यात कळलं. त्यांच्या खोलीत कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या आणि भाऊ दारातच वायर सोलत बसलेले. मी रस्ता ओलांडून गेले, खांद्याला हात लावला. ते उठले, गॅस बंद करून आले आणि त्यांनी वायर पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, “जाड आवाज येते. बारीक येत नाई. पाखरं त दोन वर्षांपासून बंदच झाले. गावात सांगू नका मॅडम. कानाचं समजलं त माह्यापाशी गाडी कोण आणन?”

मी शब्द दिला. त्या दिवसापासून माझी वही म्हणजेच त्यांचे कान होते.

आणि मीच चुकले. अजाबराव नावाचा लसूणवाला नवा भोंगा बसवून घ्यायला आला. मी आरोळी लिहिली, सुवाच्य, एकही शब्द न गाळता. भाऊंनी कागद पाहिला, “पास” म्हणाले आणि ठिपका दिला. आठ दिवसांनी अजाबराव तणतणत परत आला. दुकानापुढे चार माणसं होती.

“भाऊ, हा भोंगा हाय का शिट्टी? बाया पटापट दारं लावते. एका बुढीनं त अंगावर पाणी फेकलं!”

भाऊंनी खिशातून माझा कागद काढला. “हे पाय. मॅडमनं लिहून देल्लं. एक अक्षर चुकलं नाई.”

“मॅडमचा कागद घेऊन का गावोगाव फिरू? बाया कागद पाहून लसूण नाई घेत, भाऊ!”

सगळे हसले. मी फाटकात उभी होते. रस्ता ओलांडून कागद हातात घेतला आणि मला लख्ख कळलं. अजाबराव दर मंगळवारी चार वर्षं माझ्या दारावरून जात होता. त्याची आरोळी मला तोंडपाठ होती. मी ऐकून लिहिलंच नव्हतं, आठवून लिहिलं होतं. धडा पाठ करून आलेली मुलं डिक्टेशनमध्ये हेच करायची, आणि मी त्यांचे गुण कापायची. बारीक आवाज ऐकू येत नाही म्हणून भाऊ ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज वाढवणारं बटण पुढे पुढे नेत गेले होते. त्यांना थांबवायला मी होते, आणि मी थांबवलं नाही.

मी म्हटलं, “अजाबराव, चूक माझी आहे. तुमची आरोळी मला पाठ आहे. मी नीट ऐकलंच नाही.”

अजाबराव माझ्याकडे बघत राहिला, मग भाऊंकडे. “पण मॅडम, भाऊ त इथंच उभे होते. त्याईले काहून नाई समजलं?”

भाऊंनी फडकं घेतलं आणि गाडीची स्वच्छच असलेली टाकी पुसायला लागले. मी खरं बोलले होते. पण गुपित दुसऱ्याचं होतं, आणि त्यांना मी विचारलं नव्हतं.

भाऊ मला एका शब्दानेही बोलले नाहीत. संध्याकाळी फाटकाशी येऊन एवढंच म्हणाले, “तुमाले पाठ नसन, असं काही वाजवा लागन आता.” दुसऱ्या दिवशी अजाबरावची गाडी वळणावर लावून त्यांनी स्वतःच माईक हातात घेतला. भोंग्यातून आलं, “आज वरणात मीठ दोनदा पडलं.” मी लिहिलं. “कुत्रीले चार पिलं झाले. चौथं लंगडं हाय.” तेही लिहिलं. आवाज टोचला की मी तसं शेजारी लिहायची; त्यावरून ट्रेबल मागे आलं आणि अजाबरावचा भोंगा साफ बोलू लागला. तो खूश होऊन गेला, पण भाऊंच्या कानांची बातमीही घेऊन गेला. गाड्या कमी झाल्या. दिवाळीनंतर येईनाशाच झाल्या.

तरी श्रुतलेखन थांबलं नाही. भाऊ स्वतःच्या जुन्या गाडीला भोंगा बांधून दुपारी वळणावर जायचे. येणारेजाणारे चिडवायचे, “काय भाऊ, आज बातम्या लवकर?” समोरासमोर आम्ही फारसं बोलत नसू. शंभर पावलांवरून मात्र ते रोज पाच-सहा वाक्यं बोलायचे आणि मी ती उतरवायची. बायकोला तुरीच्या शेंगा उकडून आवडायच्या, हे मला भोंग्यातून कळलं. झोप लागत नाही, हेही. एकदा म्हणाले, “पोरीचा फोन आलता. समजला नाई. मी हो हो म्हणलं.”

त्या हो-होचा अर्थ महिन्याभराने कळला. मुलगी जावयाला घेऊन आली, ती सामान बांधायलाच. भाऊ गोंधळून बघत राहिले. ती म्हणाली, “बाबा, तुम्हीच तर फोनवर हो म्हणाले होते, कायमचं आमच्याकडे येतो म्हणून.” तिच्या डोळ्यांत इतका आनंद होता, की भाऊंना तिला काही सांगता आलं नाही. त्यांच्या गाडीवरचा भोंगा तेवढा सोडून दुकानातले ॲम्प्लिफायर, वायरी सगळं एका पोत्यात गेलं.

निघायच्या आदल्या दुपारी ते आपली गाडी वळणावर लावून आले आणि तिच्यावरून काढून आणलेला माईक माझ्या हातात दिला. “आज तुमी बोला. मी लिहितो.”

ते माझ्या खुर्चीत बसले, रस्त्याकडे पाठ करून, मांडीवर माझी वही. मी वळणापर्यंत चालत गेले. रस्त्यावर कोणी नव्हतं. इंजिन धडधडत होतं. मी माईक जोडून तोंडाशी धरला आणि म्हटलं, “भाऊ, त्या दिवशी तुम्हाला न विचारता बोलले. तुमचं काम माझ्यामुळे गेलं. मला माफ करा.” कपाशीच्या मोकळ्या शेतावरून माझा आवाज लांबपर्यंत गेला. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

परत आले तेव्हा पान कोरं होतं. भाऊ पेन्सिल हातात धरून बसले होते.

“आवाज आला,” ते म्हणाले. “तुमचाच हाय, एवढं समजलं. शब्द नाई सापडले. काय म्हणलं, मॅडम?”

ते माझ्यापासून एका हातावर होते. जवळून सावकाश बोललेलं त्यांना सगळं ऐकू यायचं.

“काही नाही,” मी म्हटलं. “चेक, चेक म्हणत होते.”

त्यांनी मान हलवली आणि वहीत, मोठ्या अक्षरात, तेवढं लिहून घेतलं.