नातेवाईक विचारतायत

रिवका सिस्टर बावीस वर्षं नर्स होती आणि बावीस वर्षांत तिने स्वतःच्या नावावर एकही निदान केलं नव्हतं. निदानं करायचे ते नातेवाईक. डॉक्टर चुकताहेत असं दिसलं की ही अदबीने म्हणायची, "सर, नातेवाईक विचारतायत, शुगर परत तपासायची का?" बिचाऱ्या नातेवाइकांना शुगर कशाशी खातात हेही ठाऊक नसायचं! पण डॉक्टरांचा मान राहायचा आणि पेशंटचा जीवही. पनवेलच्या त्या खाजगी हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सेस तिच्याकडूनच ही विद्या शिकल्या होत्या.

२०१२ साली मानांकनाची तपासणी तोंडावर आली, तशी मालकांना निदानातल्या चुकांची एकाएकी काळजी वाटू लागली. प्रशिक्षण ठरलं. शिकवणार कोण, तर डॉ. कुंदन. या गृहस्थांना स्वतःची चूक आजवर कधी भेटलीच नव्हती.

प्रशिक्षणाच्या दिवशी सकाळी बाजारात मासळी विकणारी हौसा एकटीच रिक्षाने आली. घामाने निथळत होती, जबडा दुखतोय म्हणत होती. कुंदन सरांनी उभ्या उभ्या 'अ‍ॅसिडिटी' लिहिलं आणि भाषणाला पळाले. बाकीचे डॉक्टर आधीच हॉलमध्ये बसले होते. रिवकाला हे अ‍ॅसिडिटीचं वाटेना. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ईसीजी काढायचा नाही, असा नियम होता.

तिने हॉल गाठला. पडद्यावर लिहिलं होतं, 'पहिल्या निदानाला चिकटून बसू नका.' सर सांगत होते, "शंका आली तर नर्सनेही बेधडक बोलावं."

"सर," रिवका दारातून म्हणाली, "हौसाबाईंचे नातेवाईक विचारतायत, ईसीजी काढायचा का?"

"कुठले नातेवाईक? ती एकटी आलीय. आणि प्रश्न शेवटी, सिस्टर."

हॉल हसला. रिवकाचे कान तापले.

"मी विचारतेय, सर. मला हार्ट अटॅक वाटतोय. नाही म्हणत असाल तर केसपेपरवर तसं लिहून सही करा."

सहीचं नाव काढताच सर स्टेजवरून खाली उतरले. ईसीजीने रिवकाची बाजू घेतली. हौसा वाचली.

आठवड्याने सगळ्यांना प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं मिळाली. कुंदन सरांचं तर फ्रेममध्ये. रिवकाला नाही, कारण हजेरी अपुरी. तिला ते फार लागलं. घरी निघालेल्या हौसाला तिने सगळं हसत सांगितलं खरं, पण डोळे भरलेच.

हौसा म्हणाली, "मना परत काय झाला, तं कागदवाला डॉक्टर नको. ही बिनकागदाची सिस्टरच पायजे. सांग त्यांना, नातेवाईक बोलतान म्हनून!"