डिफरन्शियलची बेअरिंग बदलली तेव्हा

मी आणि बायको आमच्या ट्रकमधून भाजीपाला वाहतो. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलमधला घूंऽऽ असा आवाज फारच वाढला, तेव्हा बेअरिंग झिजल्याचं मी ओळखलं आणि गाडी अंगणातच खोलली.

"अहो, जमेल ना घरी?" तिने विचारलं.

"न जमायला काय झालं?"

दोघांनी मिळून डिफरन्शियलचा जड गोळा जपून खाली उतरवला. जुन्या बेअरिंगवर बोट फिरवत ती म्हणाली, "एवढ्याशा खड्ड्यांनी एवढा आवाज?" मी नवी बेअरिंग बसवली, आतल्या दातेरी चाकांचे दात पुन्हा पुन्हा जुळवून पाहिले आणि मनासारखे बसल्यावरच बोल्ट आवळले.

संध्याकाळी दोघं चक्कर मारायला निघालो. वेग वाढवला तरी मागून काहीच ऐकू येईना. मी खुशीत विचारलं, "चहा घेऊ या का?"

"ओरडताय कशाला?" ती म्हणाली, तीही ओरडूनच. मग आम्ही दोघंही हसलो.

आवाज रोज थोडा वाढला असणार आणि त्याच्यासोबत आमचे गळेही. झीज लोखंडाची होते, तिच्याशी जुळवून मात्र माणसं घेतात, आणि ओरडण्यालाच आपलं नेहमीचं बोलणं समजतात.

मी पुन्हा विचारलं, या वेळी हळू.

"घेऊ या की," ती म्हणाली. तिचा हा आवाज मी गाडीत फार दिवसांनी ऐकत होतो.