मधल्या ओळीतलं गाव

रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते गॅलरीच्या टोकाशी उभे राहायचे, डोळे मिटायचे, उघडायचे आणि एक, दोन, तीन मोजून पुन्हा मिटायचे. तेवढ्यात समोरच्या रस्त्यावरची जी पाटी वाचून होईल ती पास, उरलेल्या नापास. शिंप्याची पाटी कायमची नापास, कारण त्याने तिच्यावर स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं अशी तिन्ही नावं रंगवून घेतली होती. औषधाचं दुकान मात्र रोज पहिल्या नंबरात यायचं. आतून बायको विचारायची, "संपली का परीक्षा? चहाचं सरबत झालं असेल."

भरधाव गाडीतल्या माणसाला फलक वाचायला तेवढाच वेळ मिळतो, तीन आकड्यांचा. त्या तीन आकड्यांवर त्यांची चौतीस वर्षांची नोकरी उभी होती.

रस्ते खात्याच्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची खोली होती. उतरतं टेबल, दिवा, पट्ट्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या. कागदोपत्री ते आरेखक होते, पण सगळं खातं त्यांना पाटीवाले म्हणायचं. हमरस्त्यावरच्या निळ्या फलकांवर कुठल्या गावांची नावं लिहायची, हे ज्या यादीवरून ठरतं ती यादी त्यांच्या कपाटात असायची. लोकांना वाटतं, रस्त्यात येणाऱ्या गावांची नावं ओळीने लिहीत जायचं, त्यात काय मोठंसं! पण फलकावर ओळी तीनच. चौथी ओळ वाचेपर्यंत गाडी फाट्याच्या पुढे गेलेली असते. वरच्या ओळीत लगेच येणारं गाव, खालच्या ओळीत रस्ता जिथे संपतो ते शहर, आणि मधल्या ओळीत असं एखादंच नाव जे परक्या माणसालाही ठाऊक असतं. खरा तंटा असायचा तो या मधल्या ओळीचा.

त्यासाठी शिष्टमंडळं यायची. एकदा एका गावचे पाच-सहा वजनदार लोक आले. आमच्याकडे तीन शाळा आहेत, म्हणाले, एक कॉलेज आहे.

"अहो, पण ड्रायव्हर शाळेत जायला निघालेला नसतो," पाटीवाले म्हणाले.

"मग काय असायला हवं गावात?"

"काही नसलं तरी चालेल. लांबच्या माणसाला नाव माहीत हवं. ते कळलं की तो म्हणतो, हां, बरोबर चाललोय."

नियमांत सगळ्यात कडक नियम होता तो साखळीचा. एक नाव एका फलकावर लिहिलं, की ते गाव येईपर्यंत पुढच्या प्रत्येक मोठ्या फलकावर ते दिसलंच पाहिजे. मध्येच नाव गायब झालं तर परका माणूस घाबरतो, रस्ता चुकला समजून गाडी वळवतो. पाटीवाले हे नव्या माणसांना आपल्या पद्धतीने शिकवायचे. "एकदा नाव घेतलं ना, मग त्याला घरापर्यंत पोचवून यायचं. अर्ध्या वाटेत हात सोडायचा नाही."

राजधानीकडून सरहद्दीवरच्या शहराकडे जाणाऱ्या दोनशे बारा किलोमीटरच्या रस्त्यावर, मधल्या ओळीत एका लहानशा गावाचं नाव होतं. अगदी मध्यावर, नदीच्या पुलाशी वसलेलं. बाजार किरकोळ, वस्ती बेताची. पण पूल जुना, आणि पुलाशी थांबून गाडी गार करायची ट्रकवाल्यांची जुनी सवय, म्हणून नाव सर्वांच्या तोंडी. ते यादीत घातलं होतं पाटीवाल्यांच्या आधीच्या आरेखकाने. पाटीवाले नोकरीला लागले तेव्हा यादीत आपल्या गावाचं नाव पाहून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. पण ते गाव आपलं आहे, हे त्यांनी खात्यात कुणालाही सांगितलं नाही. टायपिस्ट बाई एकदा सहज म्हणाल्या, "तुमचं मूळ गाव कुठलं हो?" तर म्हणाले, "इकडचंच." बाई हसल्या. "इकडचंच म्हणजे? मधल्या ओळीत येतं की नाही?" पाटीवाले पेन्सिलीला टोक करत बसले.

गावात त्यांची थोरली बहीण राहायची. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. नवरा वारल्यावर तिने पुलाजवळच्या घराच्या सहा खोल्या झाडून-पुसून लॉज सुरू केलं. येणारा बहुतेक जण आधी एकच वाक्य बोलायचा, "बोर्डावर नाव वाचत वाचत आलो, म्हटलं इथे काहीतरी सोय असेलच." बहीण हे भावाला फोनवर सांगायची. "धाकट्या, तुझ्या पाट्या माझी गिऱ्हाइकं हाताला धरून आणतात बघ!"

"माझ्या नाहीत ताई, खात्याच्या."

"बरं बाबा, खात्याच्या. मोठा आला खात्याचा."

पुढे बंदराकडे जाणारा नवा फाटा फुटला आणि त्याच्या अलीकडे, सतरा नंबरच्या फलकावर, बंदराचं नाव घालणं भाग पडलं. आता नावं चार झाली, ओळी तीनच. अशा वेळी वरचं, जवळचं खेडं काढायचं, हे ठरलेलं. कुणीही डोळे झाकून तेच केलं असतं. पण त्याच महिन्यात शेजारच्या विभागातल्या एकाची बदली झाली होती. त्याने बायकोच्या माहेरगावाचं नाव दोन फलकांवर चढवलं होतं आणि सगळी इमारत त्यावरून आठवडाभर हसत होती. "जावईबापूंनी सासऱ्यांना अख्खा हायवे लिहून दिला!" पाटीवाले त्या हसण्यात सामील झाले नाहीत. खोलीत येऊन त्यांनी सतरा नंबरचा कागद पुढे ओढला. जवळचं खेडं काढलं तर आपलं गाव राहणार. उद्या कुणी विचारलं, याच गावाला का सांभाळलंत, तर? कुणी विचारणार नव्हतं. तरी त्यांनी पेन उचललं. त्यांनी मधल्या ओळीतलं नाव खोडलं, तिथे बंदर लिहिलं, खाली सही केली. एकाच फलकाचा प्रश्न आहे, त्यांनी मनाला समजावलं, पुढच्या फलकावर आहेच की.

नऊ वर्षं कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

मग नवा सहापदरी रस्ता झाला. बाकी मार्ग आणि फलक तेच राहिले, पण गावाजवळ तो जुनी वाट सोडून सहा किलोमीटर बाजूने गेला. आता पुलावरून कुणाला जावं लागणार नव्हतं. गावाकडे गाडी वळलीच तर फलकावरचं नाव वाचून वळणार. जुनी यादी नव्याने तपासायचा हुकूम निघाला. मधल्या ओळीतली जी नावं साखळी न तुटता शेवटपर्यंत पोचतात ती ठेवा, बाकीची काढा. तपासणीचं काम अर्थातच पाटीवाल्यांकडे आलं.

बहिणीचा फोन त्याच संध्याकाळी आला. तिला ट्रकवाल्यांकडून कुणकुण लागली होती.

"धाकट्या, ऐकते ते खरं आहे का? नावं काढणार म्हणे?"

"सगळ्यांची नाही. नियमात बसेल ते राहणार."

"मग आपलं बसतं ना?"

"बघतो."

"बघतो काय? आयुष्यात कधी काही मागितलं का मी तुझ्याकडे? नवा रस्ता गेला तो गेला. तेवढं नाव राहू दे. नाव गेलं तर या खोल्यांत मी काय कबुतरं ठेवू?"

"ताई, बघतो म्हटलं ना."

त्यांनी नोंदवही उघडली. एक ते सोळा, नाव आहे. अठरा ते एकेचाळीस, नाव आहे. सतरा नंबरपुढे त्यांचीच सही, शाई अजून काळीभोर. त्यांनी ते पान किती तरी वेळ नुसतं बघितलं. रबराने खोडावं असं ते नव्हतं. फलक रस्त्यावर उभा होता, त्याचे फोटो फायलीत होते.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या गावाच्या बाजूने टिपण लिहिलं. सतरा नंबरवर नाव नसणं ही निव्वळ चूक आहे, ती दुरुस्त करून नाव कायम ठेवावं. तीनदा लिहून फाडलं, चौथ्यांदा साहेबांकडे घेऊन गेले.

नवे साहेब वयाने लहान, पण बोलायला नीट. त्यांनी टिपण दोनदा वाचलं, सोबतची नोंदवही चाळली.

"बसा ना. ही सतरावरची सही कुणाची?"

"माझीच."

"तुमची? तुमच्या हातून साखळी तुटली? खात्यात लोक तुमच्या नावाने शपथ घेतात."

साहेबांनी टिपण टेबलावर ठेवलं.

"का काढलं होतंत? काहीतरी कारण असेल ना. जवळचं खेडं ठेवून हे काढलंत, म्हणजे विचार करूनच काढलं असणार."

कारण जिभेवर होतं. ते माझं गाव आहे, साहेब. पण ते म्हटलं की ते टिपण त्याच क्षणी आपल्या माणसांसाठी केलेली रदबदली झालं असतं. आणि न म्हणावं तर नाव काढायला काहीच कारण उरत नव्हतं. त्यांनी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोन्हीकडून रस्ता बंद होता.

"आठवत नाही," ते म्हणाले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बरं, मला एवढंच सांगा. नऊ वर्षं सतरावर नाव नव्हतं. कुणाची तक्रार आली?"

"नाही."

"कुणी रस्ता चुकल्याची नोंद?"

"नाही."

"मग त्या नावावाचून कुणाचं अडत नाही, हे तुम्हीच सिद्ध करून दाखवलंय की." साहेब टोमणा मारत नव्हते, म्हणून ते जास्त लागलं. "मी यावर अनुकूल शेरा कसा लिहू, सांगा."

पाटीवाल्यांनी टिपण उचललं, घडी घातली, खिशात ठेवलं. जिन्याशी टायपिस्ट बाई भेटल्या. "काय म्हणाले साहेब?"

"जे बरोबर तेच म्हणाले," पाटीवाले म्हणाले आणि खोलीत जाऊन बसले.

यादीतून नाव काढल्याच्या कागदावरही पहिली सही त्यांचीच लागत होती. ती त्यांनी केली. नाव झाकायच्या निळ्या पट्ट्या बसवायला माणसं निघाली तेव्हा देखरेखीला कुणीतरी जायला हवं होतं; दुसऱ्याला पाठवता आलं असतं, ते स्वतः गेले. शिडीवरचा फिटर एकेका फलकावर पट्टी धरायचा आणि वरून ओरडायचा, "सरळ आहे का, साहेब?" ते खालून म्हणायचे, "डावीकडे जरा खाली घे. हां. मार स्क्रू." दुपारपर्यंत चाळीस फलक झाले. पट्टीचा निळा रंग फलकाच्या रंगाशी इतका जुळला होता, की तिथे काही लिहिलेलं होतं हे त्यांनाही तीन आकड्यांत ओळखता आलं नसतं. गाव सहा किलोमीटरवर होतं. ते तिकडे गेले नाहीत.

बहिणीने फोनवर आदळआपट केली नाही. "अंगणात झोपायला जागा आहे आता, ट्रक नाहीत," एवढंच म्हणाली. पहिल्या वर्षी तिने तीन खोल्या बंद केल्या, दुसऱ्या वर्षी उरलेल्या. तिच्या एकुलत्या मुलाचं दुसऱ्या देशात बस्तान बसलेलं. तो ये म्हणत नव्हता, ही जात नव्हती. पाटीवाले निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात ते तिला आपल्या घरी घेऊन आले. सोबत दोन पेट्या, पितळी घंटी आणि लॉजच्या चोवीस चादरी. "टाकून कशा देऊ? चांगल्या आहेत," ती भावजयीला म्हणाली.

घरात तिचं कुणाशी वाकडं नव्हतं. भावजयीबरोबर भाजी निवडायची, भावाला औषधाची आठवण करायची. गावाचं नाव मात्र तिच्या तोंडून येत नसे. त्यांनाही ते काढायचा धीर नव्हता. जेवताना दोघं समोरासमोर बसायची आणि मिठाबद्दल बोलायची.

एकदा दुपारी ती चादरींच्या घड्या घालत होती. ते खुर्चीत बसून बघत होते. मान वर न करता तिने विचारलं, "ती एक पाटी होती ना, फाट्याजवळची? तिच्यावर नाव नव्हतं, म्हणून सगळं गेलं म्हणे. तुमच्या त्या टायपिस्ट बाई आल्या होत्या परवा, त्या सांगत होत्या."

"हो."

"तुझ्या हातचं होतं?"

"हो."

"विसरलास होय?"

हो म्हणणं सोपं होतं. ते म्हणाले, "नाही गं. आपलं गाव म्हणून काढलं. लोक म्हणतील, आपल्या माणसांची सोय केली."

तिने घडी पूर्ण केली, पेटीत ठेवली, दुसरी चादर उचलली. "विसरला असतास तर बरं झालं असतं, धाकट्या," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "विसरतं माणूस."

तो विषय तिथेच संपला आणि त्यांच्यातलं जे काही उरलं होतं तेही बहुधा तिथेच संपलं. कारण त्यानंतर ती त्यांना औषधाची आठवण करायची तेव्हा नुसतं, "औषध," एवढंच म्हणायची. धाकट्या म्हणणं बंद झालं. त्यांनी वाट पाहिली, महिना, दोन महिने, पावसाळा संपेपर्यंत. मग वाट पाहणंही सोडलं.

हिवाळ्यात त्यांना खोकला धरला. डॉक्टर येऊन गेले, छातीत कफ आहे म्हणाले, पडून राहायला सांगितलं. बायको औषधं आणायला बाहेर गेली होती, तेव्हा बहिणीने पेटीतून एक चादर काढली आणि त्यांच्या अंगावर घातली. लॉजच्या खाटा अरुंद आणि आखूड, चादरीही त्याच मापाच्या. ती खिडकी लावायला वळली. मागून त्यांचा आवाज आला, बारीक, पण नेहमीचाच.

"ताई, ही जरा खाली ओढ गं. पाय उघडे पडतात."