पाचवीचं पेन

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका दवाखान्यात मी रक्त तपासायची. यंत्रं कसली आलीयत डोंबलाची, एक मायक्रोस्कोप आणि डोळे फुटेस्तोवर पेशी मोजणं. मी मुळात तापट. खिडकीशी कुणी घुटमळलं की खेकसायची.

मंगळवेढ्याकडच्या एका म्हातारीची नात वरच्या वॉर्डात होती. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली. पोट टम्म फुगलेलं, उलटी हिरवी, शीवाटे रक्त. आतडं सडत चाललं होतं. "रक्त गोठवणाऱ्या पेशी सावरल्या तरच पोट उघडता येईल," डॉक्टर मला म्हणाले होते, "नाहीतर टेबलावरच जाईल पोर." म्हणून तिच्या इवल्या टाचेतून रोज रक्त यायचं आणि रोज आकडा खाली जायचा. माझा कागद वाचला की डॉक्टरांचा चेहरा पडायचा. म्हातारी दाराशी बसून हे सगळं बघायची.

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खिडकीशी आली.

"बाई, डाक्टर वाचत्यात तो कागुद तुमीच लिवता न्हवं?"

"हो. मग?"

तिनं पदराखालून एक पेन काढलं. टोपणाला हळदकुंकू लागलेलं. आदल्या दिवशी सोलापुरातल्याच पाहुण्यांकडे तिनं पाचवी पुजली होती. कोरा कागद आणि हे पेन मांडलं होतं. रात्री सटवाई येते नि बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

"पूजा तितं झाली आन पोर हितं. सटवाई तिला कुटं हुडकंल? हितलं तर तुमीच लिवता. ह्या पेनानं लिवा की. वाईच चांगलं लिवा."

मी फक्त मोजते, आजी, असं खेकसणार होते. पण पेन घेतलं.

त्या दिवशी मी पेशी पुन्हा पुन्हा मोजल्या. माझं चुकत असू दे, असं जन्मात पहिल्यांदा वाटलं. आकडा कालच्यापेक्षाही खाली होता. तिच्यासमोर, तिच्याच पेनानं, मी तोच लिहिला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागदाला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "लई उपकार झालं बाई."

पोट उघडलंच नाही. पोर दुपारी गेली.

निघताना म्हातारी पुन्हा खिडकीशी आली. मी पेन पुढं केलं.

"ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या कुणाच्या लेकराला लिवा."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ते पेन मी पुन्हा कधी उघडलं नाही, पण टाकवलंही नाही.

पुढं माझ्या नातवाच्या पाचवीला सून घरभर पेन शोधत होती. ते माझ्या कपाटात, लुगड्यांखाली होतं. मी चपला घातल्या आणि शेजारणीकडं पेन मागायला गेले.