तिसऱ्या महिन्यातला बाक

चौदा वर्षं एकाच काउंटरवर बसलं की अंगाला स्पिरिटचा वास लागतो आणि तोंडाला किस्से. मी महाडच्या एका प्रसूतिगृहात नावं लिहिते, फायली लावते, नंबर पुकारते. समोर एक लांब बाक. त्या बाकाने मला हसवलंय तेवढं टीव्हीनेसुद्धा नाही!

आमच्याकडची रीत अशी, की तीन महिने भरेपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगायचं नाही. दृष्ट लागते म्हणे. आणि बाळात जन्मजात काही दोष असेल का, याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट नेमकी त्याच आठवड्यांत करायची! मग करावी की नको, हे विचारायचं तरी कुणाला? त्यामुळे बायका येतात त्या चोरून.

*

पोलादपूरकडची एक सून घरी 'दात दुखतोय' सांगून आली होती. तासाभराने दारात तिची धाकटी जाऊ हजर! तिने आदल्या दिवशीच घरी सांगून ठेवलेलं, आधार कार्डाचं काम आहे.

"इथं आधार काढतात काय गो?" मोठीने विचारलं.

"आणि तुझा दात कुठं उगवलाय?" धाकटी म्हणाली.

दोघी ओढणी तोंडाला लावून हसत सुटल्या. मग ठरलं, आपली भेट झालीच नाय! टेस्ट दोघींनी केली आणि घरी वेगवेगळ्या एसटीने गेल्या.

*

सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला. एक सासूबाई काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, "मुलगा की मुलगी, तेवढं सांग ना गो."

मी भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. म्हटलं, "आजी, तो गुन्हा आहे. डॉक्टर आत जातील, मागोमाग मीही."

"तेवढं पण सांगत नाय, तर मग एवढं रक्त काढता कशाला?"

*

बिरवाडीत खोली घेऊन राहणारा एक जण, कंपनीत क्वालिटी चेकिंगला. बायकोचं रक्त काढून झाल्यावर काउंटरवर येऊन मला म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे सॅम्पल फेल गेलं की अख्खी बॅच परत. इथं कसं?"

मी पावतीवर शिक्का मारला.

बायकोच बोलली, बाही खाली ओढत. "इथं बॅच आपल्याच घरी राहते. चला."

*

एक शिक्षिका आल्या होत्या. मोबाईलवर सगळं वाचून, वहीत प्रश्न लिहून. सगळी उत्तरं घेतली आणि ठामपणे म्हणाल्या, "रिपोर्ट काहीही आला तरी मी बाळ ठेवणारच. मग रिपोर्टची वाट बघत उगाच आठ दिवस घाबरू कशाला?"

टेस्ट न करताच गेल्या, आणि आठ दिवसांनी परत बाकावर!

"काय झालं, बाई?"

"घाबरतेच आहे हो. निदान कशाला ते तरी कळू दे!"

*

आता माझा किस्सा. एकोणचाळिसाव्या वर्षी, लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, मला दिवस राहिले. माझ्या रक्ताच्या रिपोर्टात धोका जास्त आला. खात्री करायची तर मुंबईला जाऊन पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायचं. त्यात मूल जाण्याची थोडी भीती असते. ते वाक्य मी इतक्या बायकांना सांगितलंय, की मला पाठ आहे. 'थोडी' म्हणजे किती, हे तेव्हा कधी टोचलं नव्हतं.

आमचे हे आखातात क्रेन चालवतात. फोनवर म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर." मला असा राग आला! सासरी, माहेरी कुणाला सांगायची सोय नाही, तीन महिने भरायचे होते. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर मी बाकावर जाऊन बसले. समोर काउंटर, काउंटरवर कोणी नाही. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, आणि मी खूप रडले.

डॉक्टर म्हणाले, "होकार असेल तर सोमवारी तुझी फाईल गठ्ठ्यात ठेव, मी मुंबईची चिठ्ठी लिहितो. नसेल तर ड्रॉवरमध्ये राहू दे. मी पुन्हा विचारणार नाही."

सोमवारी सकाळी मी फाईल गठ्ठ्यात ठेवली. काढली. परत ठेवली. तेवढ्यात गर्दी सुरू झाली आणि हात आपोआप चालू लागले. आतून बेल वाजली की वरची फाईल उचलायची, नाव पुकारायचं, पुढची उचलायची.

"वैशाली मोरे!"

कुणी उठलं नाही.

"वैशाली मोरे आहेत का? लवकर या हो, बाकीच्या थांबल्यात!"

अख्खा बाक एकमेकींकडे बघायला लागला. मला इथं सगळे नुसतं 'ताई' म्हणतात. मी हातातल्या फाईलकडे पाहिलं आणि तशीच उभी राहिले.

सुनेला घेऊन आलेली कुडपणची एक आजी म्हणाली, "घाबरून पळाली असंल गो बिचारी. संगती कोन नसंल. तू फुडचं नाव घे."

"नाय आजी," मी म्हटलं, "हाय ती."

आणि आत गेले.