अर्धी गोधडी

आमच्या वसईच्या इमारतीत समोरच राहणाऱ्या बाई हौसेने गोधड्या शिवतात. पावसाळ्यात कुणाच्या तरी बाळाचं दुपटं, दिवाळी झाली की जाड गोधडी, उन्हाळ्यात जुन्या साड्यांचं पातळ पांघरूण. शिवणाच्या डब्यात निर्मळहून आणलेली चाफ्याची फुलं ठेवतात. सुईत दोरा पहिल्या फटक्यात गेला, की "जमलं बाई!" म्हणत स्वतःलाच शाबासकी देतात. त्यांचे टाके तांदळाच्या दाण्यांएवढे, सगळे एका रेषेत.

माझी पत्नी गेली तेव्हा लेकीसाठी शिवायला घेतलेली तिची गोधडी अर्धीच राहिली होती. ती या बाईंनी पूर्ण केली. लेकीने ती छातीशी धरून विचारलं, "बाबा, आईने सगळी पुरी केली होती?" मी "हो" म्हणालो. बाई तिथेच चहा पीत होत्या. "तुझी आई हौशीच होती गं," एवढंच त्या म्हणाल्या.

चार वर्षं ते खोटं मला टोचत राहिलं. परवा लेकीला खरं सांगितलं आणि बाईंची माफी मागायला गेलो.

त्या चिडल्याच. "कशाला सांगितलंत, भाऊ? वहिनींसारखे वाकडे टाके घालताना जीव गेला होता माझा!"